मोरसला गेलेला आजा मूळचा कुठला? मॉरिशसमधल्या मराठी घराण्याचा माग कसा काढावा

कोकणातल्या जुन्या बायका पांढऱ्या साखरेला मोरस साखर म्हणायच्या. मोरस म्हणजे मॉरिशस. ती साखर ज्या उसाची, तो तोडायला रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा भागातली माणसं मुंबई बंदरातून गिरमिटावर, म्हणजे ठरावीक वर्षं मजुरी करायच्या करारावर, गेली होती. त्यांतली बरीचशी परत आली नाहीत. आज व्हाक्वा, हेन्रिएटा, कास्काव्हेल या गावांत त्यांच्या पाचव्या-सहाव्या पिढ्या गणपती आणतात, झाकरी नाचतात, आणि आपला मूळ पुरुष कुठल्या गावचा हे शोधत कधीतरी महाराष्ट्रात येतात.

अशा शोधात मी गेली काही वर्षं जमेल तशी मदत करतो. जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो: "हे आमचं आडनाव, हे तुमच्याकडे कुठल्या गावात आढळतं?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आडनाव बाजूला ठेवा, नंबर शोधा. का ते पुढे येईलच. हा लेख मॉरिशसच्या मराठी कुटुंबांसाठी आहे, आणि ज्यांच्या दारात असा पाहुणा उद्या येऊन उभा राहील त्या इथल्या गावकऱ्यांसाठीही.

आधी थोडा काळाचा अंदाज हवा. इंग्रजांनी १८१० मध्ये हे बेट फ्रेंचांकडून घेतलं. ऊस आणि मळे मात्र फ्रेंच मळेवाल्यांच्याच हातात राहिले. १८३५ मध्ये तिथली गुलामी कायद्याने संपली आणि मळ्यांना माणसं हवी झाली. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'ॲटलस' जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले होते. ते कलकत्त्याहून आले होते. तिथून पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी, म्हणजे हिंदुस्थानातली, माणसं त्या बंदरात उतरली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासच्या वाटेने आली, मुंबईहून आलेले त्या मानाने थोडे. शोधणाऱ्याला ही गोष्ट उपयोगाची आहे. मुंबईहून सुटलेलं जहाज सापडलं की शोधाचं क्षेत्र एकदम आटोक्यात येतं.

घरातून सुरुवात

सरकारी कचेरीची पायरी चढण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसासमोर बसा. कागद मागाच: जन्माचे-लग्नाचे दाखले, जमिनीचे दस्त, मळ्यावरच्या जुन्या पावत्या, फोटो. पण त्याहून जास्त वेळ बोलण्यात घालवा. कुलदैवत कोणतं? लग्नात गोंधळ घालतात का, आणि त्यात कुठल्या कुठल्या देवांना बोलावतात? गौर कशाची बसते, तेरड्याची की खड्यांची? तिला नैवेद्य गोडाचा की तिखटाचा? आजी बापाला काय म्हणायची, 'बापूस' की आणखी काही? झाकरीच्या गाण्यात एखाद्या गावाचं, नदीचं, डोंगराचं नाव येतं का?

यातल्या एकाही उत्तराने गाव ठरत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. झाकरी ही आपल्याकडची जाखडी, म्हणजे बाल्या नाच. तो रत्नागिरीच्या बाजूचा, हे खरं. पण सातारच्या माणसाचा नातू शेजाऱ्यांकडून जाखडी शिकला असेल, हेही तितकंच शक्य आहे. ही उत्तरं वहीत लिहून ठेवा. त्यांचा उपयोग अगदी शेवटी होतो, जेव्हा एकाच नावाची तीन गावं समोर येतात आणि निवड करायची असते.

म्हाताऱ्या माणसाचं बोलणं रेकॉर्ड करा. पुढच्या वर्षी करू असं म्हणू नका.

दाखल्यांची साखळी

आता एकेक पिढी मागे जायचं. उडी मारायची नाही. मॉरिशसमध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदी नागरी नोंदणी खात्याकडे असतात. स्वतःच्या दाखल्यावरून आई-बापाचा, त्यावरून आजोबाचा, असं चालत जायचं. प्रत्येक माणसाचा जन्म आणि लग्न, दोन्ही दाखले काढा. पैसे थोडे जास्त जातात, पण एकात जे नाही ते दुसऱ्यात मिळतं. जन्माच्या दाखल्यात बापाचं नाव 'रामा' एवढंच असतं, तर लग्नाच्या दाखल्यात त्याच्या बापाचंही नाव येतं, कधी मळ्याचंही.

गिरमिटावर आलेल्या पिढीपर्यंत पोचलात की दाखल्यात नावाशेजारी एक आकडा दिसेल. तोच तुम्हाला हवा आहे. बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक मजुराला एक क्रमांक दिला जाई आणि तो मरेपर्यंत त्याचाच राही. लग्न करताना, मुलाचा जन्म सांगताना, जमीन घेताना तो लिहिला जाई. नाव दहा तऱ्हेने लिहिलं गेलं, क्रमांक सहसा एकाच तऱ्हेने.

इथे आडनावाचं कोडं उलगडतं. आपल्याकडे त्या काळी कष्टकरी माणसाची ओळख सरकारी कागदावर 'गणू बिन रामा' अशी असे. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईची ओळख 'येसू कोम गणू', म्हणजे गणूची बायको. आडनाव लिहायची पद्धत नव्हतीच म्हटलं तरी चालेल. तिकडच्या कारकुनाला मात्र कुटुंबाचं नाव हवं होतं. मग गणूच्या मुलांचं आडनाव गणू झालं, सखारामच्या मुलांचं सखाराम, बाबाजीच्या मुलांचं बाबाजी. म्हणून मॉरिशसमधलं मराठी आडनाव हे बहुधा कुणा पूर्वजाचं पाळण्यातलं नाव असतं. ते घेऊन रत्नागिरीत फिरलात तर तुम्हाला कुणीच सापडणार नाही, किंवा सगळेच सापडतील. आणि सख्ख्या भावांच्या वंशजांची आडनावं वेगवेगळी असू शकतात, हेही ओघाने आलंच.

दाखल्यांत आणखी एक गोष्ट दिसेल, आणि ती पाहून काही घरांत गप्पपणा येतो. मूल अनौरस म्हणून नोंदलेलं असतं, किंवा फक्त आईच्या नावावर. घाबरू नका. मांडवात, भटजींसमोर, चार माणसांच्या साक्षीने लागलेलं लग्न नागरी नोंद केली नसेल तर त्या सरकारच्या हिशेबी लग्नच नव्हतं. त्यामुळे रीतसर संसार करणाऱ्या जोडप्यांची मुलं कागदावर अनौरस ठरली. माझी कळकळीची विनंती आहे की हा शेरा लपवू नका, वंशवेलीत जसाच्या तसा लिहा आणि शेजारी कारण लिहा. अशा वेळी साखळी आईच्या बाजूने पुढे न्यावी लागते, आणि गिरमिटावर आलेल्या आईलाही तिचा स्वतःचा क्रमांक असतोच.

वयावर विश्वास ठेवू नका. लग्नात २५ वर्षांचा असलेला माणूस दहा वर्षांनी मुलाच्या जन्माच्या वेळी ४० चा असतो. वय अंदाजानेच सांगितलं जाई. पाच-सात वर्षांचा फरक म्हणजे माणूस वेगळा, असं समजू नका.

मोका इथली रजिस्टरं

क्रमांक हातात आला की मोका गावी महात्मा गांधी संस्थेत जायचं. हिंदी मजुरांच्या आगमनाची मूळ रजिस्टरं तिथल्या अभिलेखागारात आहेत. ती जुनी आणि नाजूक आहेत. स्वतः पानं चाळायला मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. शोध तिथली माणसं घेतात. जाण्याआधी चौकशी करा आणि सोबत आतापर्यंतच्या दाखल्यांची सगळी साखळी न्या, म्हणजे तुम्ही त्या माणसाचे वंशज आहात हे कागदावरच दिसेल. नोंदीचा प्रमाणित उतारा मागा, आणि मूळ पानाची प्रत मिळू शकते का तेही विचारा. उताऱ्यात कुणीतरी वाचून लिहिलेलं असतं, आणि वाचताना गावाच्या नावातच चूक होते.

त्या नोंदीत सर्वसाधारणपणे काय मिळतं? क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरच्या खुणा, जिल्हा, परगणा किंवा तालुका, गाव, जहाजाचं नाव, उतरल्याची तारीख आणि कोणत्या मळ्यावर पाठवलं ते. काही नोंदींत पुढे मृत्यूची किंवा परत गेल्याची टीप असते. 'कपाळावर व्रण', 'डाव्या हातावर गोंदण' अशा शब्दांत आपल्या खापरपणज्याचं शरीर समोर उभं राहतं. मी लोकांना तिथेच, टेबलाशी, रडताना पाहिलं आहे.

नोंद कशी वाचावी, याला थोडा वेळ द्यायला हवा, कारण बहुतेक शोध इथेच चुकीच्या वाटेला लागतात.

नाव मोठ्याने उच्चारून वाचा. मराठी माणसाने सांगितलं, कारकुनाने ऐकून इंग्रजीत उतरवलं, आणि नंतर फ्रेंच आणि क्रिओल (तिथली रोजची बोली) बोलणाऱ्या जिभांवरून ते फिरलं. क्रिओलमध्ये 'श' चा 'स' होतो, 'ज' मऊ होऊन 'झ' कडे झुकतो. 'ळ' इंग्रजीत नाहीच, म्हणून काळू आणि कालू एकच. 'ठ', 'थ' आणि 'त' एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे विठू आणि वितू हाही एकच माणूस असू शकतो. 'व' कधी 'ब' होतो. 'धोंडू' मधला अनुस्वार गळून तो 'धोडू' किंवा 'दोडू' झालेला असतो.

जातीचा रकाना सावधपणे वाचा. तो माणसाने सांगितला की भरती करणाऱ्याने लिहिला, हे कळायला मार्ग नाही. 'मराठा' हा शब्द अनेकदा केवळ मराठी मुलखातला माणूस एवढ्याच अर्थाने येतो. दलित माणसांसाठी वापरलेले काही शब्द आज आपण तोंडातून काढणार नाही. ते मूळ नोंदीत आहेत तसे टिपून ठेवावेत, कारण पुढे गावात कुठल्या वाडीत विचारायचं हे त्यावरून ठरू शकतं. पण घराण्याची थोरवी किंवा कमीपणा त्यावरून मोजू नये.

जिल्ह्याच्या जागी नुसतं 'मुंबई' असेल तर बहुधा भरती मुंबईत झाली. गावाकडून पोट भरायला आलेला माणूस गिरणगावाच्याही आधीच्या त्या मुंबईत हमाली करताना भेटला आणि तिथूनच जहाजावर चढला. मग त्याच जहाजातून आलेल्या इतरांच्या नोंदी विचारा. शेजारशेजारच्या क्रमांकांची माणसं पुष्कळदा एका गावची, निदान एका तालुक्याची असतात. एकटा माणूस समुद्र ओलांडायला सहसा निघत नसे. सोबती घेऊनच निघे.

फोटो मिळेल का, हे सगळेच विचारतात. मजुरांचे फोटो काढायला १८६० च्या दशकात सुरुवात झाली. १८६७ च्या कायद्यानंतर गिरमिट संपलेल्या जुन्या मजुरालाही फोटो असलेलं तिकीट जवळ बाळगावं लागे. म्हणून १८५० मध्ये आलेल्या माणसाचाही फोटो असू शकतो, उतरतानाचा नाही तर नंतरचा. जरूर विचारा.

क्रमांक सापडलाच नाही तर? दोन वाटा आहेत. पहिली जमिनीची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मोठ्या मळ्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या, आणि गिरमिट संपलेल्या माणसांनी त्या साठवलेल्या पैशातून घेतल्या. ही खरेदी नोटरीसमोर होई. दस्त बहुधा फ्रेंचमध्ये असतो, पण त्यात घेणाऱ्याचं नाव, बापाचं नाव आणि पुष्कळदा क्रमांकही असतो. जुने नोटरी-दस्त मॉरिशसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहता येतात. दुसरी वाट मृत्यूची. १८६६ ते १८६८ या काळात बेटावर हिवतापाची भयंकर साथ आली होती. तुमचा पूर्वज अचानक कागदांवरून नाहीसा झाला असेल तर त्या वर्षांचे मृत्यूचे दाखले आधी पाहा.

पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे. १८४९ मध्ये बांधायला घेतलेला हा मजुरांचा डेपो २००६ पासून जागतिक वारसा आहे. तिथे तुमची नोंद मिळणार नाही. तरी नोंद सापडल्यावर एकदा तिथल्या दगडी पायऱ्यांवर जाऊन या.

तेव्हाचं गाव, आजचा नकाशा

समजा उताऱ्यात आलं: जिल्हा रत्नागिरी, तालुका विजयदुर्ग, गाव नांदगाव. आज विजयदुर्ग नावाचा तालुकाच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रत्नागिरीचे तालुके सुवर्णदुर्ग, अंजनवेल, रत्नागिरी, विजयदुर्ग आणि मालवण असे, किल्ल्यांच्या आणि बंदरांच्या नावांचे होते. साधारणपणे सुवर्णदुर्ग म्हणजे दापोलीची बाजू, अंजनवेल म्हणजे गुहागर-चिपळूणची, विजयदुर्ग म्हणजे देवगडची. त्यात १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, म्हणून देवगड, मालवण, वेंगुर्ले, कणकवलीची गावं आता रत्नागिरीत शोधून मिळणार नाहीत. रायगड तेव्हा कुलाबा होता, आणि तो जिल्हा १८६९ मध्ये झाला. त्याआधी निघालेल्या अलिबाग-पेणकडच्या माणसापुढे 'ठाणे' लिहिलेलं असू शकतं. सातारा १८४८ पर्यंत संस्थान होतं आणि नंतरच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीचा मोठा भाग होता. सावंतवाडी आणि कोल्हापूर ही संस्थानं, त्यांची दफ्तरं वेगळी.

मग एका नावाची अनेक गावं. नांदगाव कणकवलीजवळ आहे, मुरुडजवळ आहे, नाशिक जिल्ह्यातही आहे. पाली रत्नागिरीजवळ आहे आणि रायगडातही आहे. आता ती घरातली वही उघडा. कुलदैवत, गौरीचा नैवेद्य, बोलीतले शब्द, सगळं प्रत्येक गावाशी ताडून पाहा.

गावात पोचल्यावर

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. मुंबई इलाख्याचा सरकारी पत्रव्यवहार तिथे आहे आणि त्यात परदेशी गेलेल्या मजुरांबद्दलचाही आहे. पण एका साध्या मजुराच्या गावासाठी मी आधी तिथे जाणार नाही. तिथून परिस्थिती कळते, जहाजं आणि भरतीचे नियम कळतात. माणूस क्वचितच सापडतो.

मी तालुक्याच्या गावी जाईन. तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात जुन्या जमिनीच्या नोंदी, फेरफार, खोती गावांत बोटखत (कुळांची आणि जमिनीची नोंदवही), आणि जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ अशी दफ्तरं असतात. कुणबी नोंदींच्या शोधामुळे अलीकडे यांतली बरीच कागदपत्रं बाहेर आली, वाचली गेली, त्यामुळे तिथल्या कर्मचाऱ्यांना आता या शोधाचं नवल वाटत नाही. जुने कागद मोडीत असतात. मोडी वाचणारा माणूस आधी ठरवून न्या.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. तुमचा पूर्वज या कागदांत नसेल. तो गेल्यावर कागद सुरू झाले. खोताच्या गावात तो कूळ होता किंवा कुळाचाही गडी होता, जमीन त्याच्या नावावर कधीच नव्हती. म्हणून त्याला शोधू नका, मागे राहिलेल्या भावाला शोधा. नोंदीत तुमच्या हाती त्याच्या बापाचं नाव आहे. 'अमुक बिन रामा' नावाचे कोण कोण त्या गावात नंतरच्या पिढीत दिसतात, ते टिपा. गाव लहान असेल तर तीन-चारच घरं उरतात.

साताऱ्या-सांगली-कोल्हापूरकडे हेळवी लोकांना विचारा. पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांगणारी ही माणसं आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांकडे नामावळ्या असतात. मात्र १८५० च्या आसपास गिरमिटावर जाणाऱ्या घरातलं कुणी तीर्थयात्रेला जाऊन नाव लिहून आलं असेल, ही आशा फार धरू नका. डीएनए चाचणीचंही तेच. तिच्यातून प्रदेश कळेल, दूरचा एखादा नातेवाईक कळेल, गाव कळणार नाही.

आता माणसांकडे. थेट गाडीतून उतरून चौकशी सुरू करू नका. आधी सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना मराठीत पत्र पाठवा, आणि पहिल्याच ओळीत लिहा की आम्हाला जमीन-मालमत्ता काही नको, फक्त आमचं मूळ जाणून घ्यायचं आहे. परदेशातून आलेला माणूस पणजोबांचं घर विचारतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात सातबाऱ्यावरचा हिस्सा येतोच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. कोकणात भाऊबंदकीच्या केसेस पिढ्यान्‌पिढ्या चालतात. तुमच्या एका वाक्याने दारं उघडतात.

शिमग्यात जा, नाहीतर गणपतीत. तेव्हा मुंबईकर गावात असतात, ग्रामदेवतेच्या पालखीपाशी सगळ्या वाड्यांची म्हातारी माणसं एकत्र भेटतात, मानकरी कोण आणि कुठल्या घराचा मान कुठला हे डोळ्यांसमोर घडत असतं. विचारताना 'मॉरिशस' म्हणू नका, 'मोरस' म्हणा. "तुमच्या घरातलं कुणी मोरसला गेलं होतं असं आजी सांगायची का?" किंवा "कुणी मुंबईला म्हणून गेला आणि परत आलाच नाही, असं कुणाबद्दल बोलत असत का?" दुसऱ्या प्रश्नाला उत्तर येण्याची शक्यता जास्त, कारण घरच्यांना तो मुंबईला गेला एवढंच माहीत होतं. पुढच्या समुद्राची बातमी गावात पोचलीच नसेल.

आणि कुणी हो म्हटलं तरी लगेच गळ्यात पडू नका. बापाचं नाव, वाडी, काळ, कुलदैवत, यांतल्या तीन गोष्टी तरी जुळू द्या. मायेपोटी लोक पटकन हो म्हणतात. जुळलं नाही तर वंशवेलीत 'संभाव्य' असं लिहा आणि गाव मिळालं यावर समाधान माना. माझ्या मते तेच पुष्कळ आहे. गाव नक्की, घर संभाव्य, असं लिहिलेली वही ही प्रामाणिक वही असते.

हे सगळे कागद क्रमाने लावून ठेवण्याला आता व्यवहारी कारणही आहे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या होत्या, तेव्हा हिंदी वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या हिंदी वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) मिळण्यासाठी खास तरतूद जाहीर झाली. त्यासाठी पिढ्यांची साखळी दाखल्यांनिशी दाखवावी लागते, म्हणजे तुम्ही वर केलेलंच काम. एखाद्या पिढीत नावाचं लेखन बदललं असेल तर ते आताच, मधली पिढी हयात असताना, दुरुस्त करून घ्या किंवा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

वहीच्या शेवटच्या पानावर मात्र मोकाच्या उताऱ्यातली ओळ मराठीत स्वतःच्या हाताने उतरवा: क्रमांक, नाव, बिन अमुक, गाव, जहाज, तारीख. तिची एक प्रत त्या गावच्या ग्रामदेवतेच्या देवळात किंवा शाळेत ठेवून या. पुढच्या शिमग्यात एखादी म्हातारी ते नाव वाचून घेईल, आणि तिला काहीतरी आठवेल.